वेळेवर पैसे देणारी पार्टी

पुण्यात नऱ्ह्याला आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. थ्री-प्लाय, फाइव्ह-प्लाय, म्हणजे तीन आणि पाच थरांची. गिऱ्हाईक म्हणजे मिठाईवाले, मसालेवाले आणि ऑनलाइन माल विकणारे. दिवाळीच्या तोंडावर एका पार्टीने आम्हाला सव्वासहा लाखांना बुडवलं. नंतर कळलं, त्याच सुमारास भोसरीच्या एका टेपवाल्यालाही बुडवलं आणि धायरीच्या बबल रॅपवाल्यालाही. ती माणसं अजून सापडलेली नाहीत. उद्या ती दुसऱ्या नावाने दुसऱ्या कुणाच्या तरी शेडवर उभी राहतील, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली ऑर्डर छोटी होती आणि पैसे आगाऊ, एनईएफटीने. दुसरी जरा मोठी. टेम्पो खाली होण्याआधी रक्कम जमा. तिसऱ्या वेळी आठ दिवसांची उधारी मागितली आणि मुदत संपायच्या आत स्वतःहून फोन: "ताई, पेमेंट टाकलंय, बघून घ्या." असा फोन किती दुर्मीळ असतो, हे उधारीवर धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा. नावाजलेल्या कंपन्या नव्वद-नव्वद दिवस बिल अडकवून ठेवतात. कागदाच्या रीलचे पैसे मात्र मिलला वेळेत द्यावे लागतात, पगार थांबत नाहीत, शेडचं भाडं थांबत नाही. वसुलीने दमलेल्या माणसाला वेळेवर पैसे देणारा भेटला की तो जिवाभावाचा वाटतो. ही टोळी नेमकी त्याच जागी हात घालते. सुरुवातीची ती तीन पेमेंटं म्हणजे तिचं भांडवल असतं.

चौथी ऑर्डर आली तेव्हा सणाची घाई होती. सगळ्यांनाच खोकी हवी होती, आम्ही दोन पाळ्यांत काम करत होतो. तीस दिवसांची उधारी, पुढच्या तारखांचे दोन चेक आणि वाघोलीच्या गोडाऊनवर माल उतरवायचा. माल गेला, चलनावर सही-शिक्का मिळाला. दिवाळीनंतर पहिला चेक परत आला: पुरेशी रक्कम नाही. दुसऱ्यावर 'पेमेंट थांबवलं' असा शेरा. गोडाऊनवर गेलो तर कुलूप, आणि कुलपासमोर आमच्यासारखेच आणखी तिघे-चौघे उभे.

मागे वळून पाहताना एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती खोक्यांच्या धंद्यातली असली तरी इतरांनाही लागू पडेल. चौथी ऑर्डर पूर्ण साधी होती. छपाई नाही, लोगो नाही, सगळे चालू साइझ. खरं गिऱ्हाईक आपल्या मालाच्या मापाचं खोकं मागतं, जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन) विचारतं, बर्स्टिंग स्ट्रेंथचा, म्हणजे पुठ्ठा किती दाबाला फुटतो त्याचा, रिपोर्ट मागतं, रुपया-आठ आण्यांसाठी भांडतं. या पार्टीने भावात घासाघीस केलीच नाही. घासाघीस केली ती फक्त उधारीच्या दिवसांत. कारण त्यांना खोकी वापरायची नव्हतीच. नाव छापलेलं खोकं दुसऱ्याला विकता येत नाही, कोरं खोकं त्याच दिवशी कमी भावात रोखीने निघून जातं. टेपही तशीच, बबल रॅपही तसाच. एखादी नवी पार्टी तुमच्याकडून फक्त असा माल उधार उचलत असेल, जो बाजारात कुणीही विकत घेईल, तर तिथे थांबा.

जीएसटी नंबर आम्ही तपासला होता. पोर्टलवर तो 'अॅक्टिव्ह' दिसत होता, आणि बहुतेक जण इथेच समाधान मानतात. त्याच पानावर बरंच काही असतं. लॉगिन न करता कुणाचाही नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कायदेशीर नाव, धंद्याचा पत्ता आणि कोणत्या महिन्यांची रिटर्न्स भरली आहेत ते दिसतं. नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी फर्म, पी असेल तर एकटी व्यक्ती. आमच्या पार्टीच्या लेटरहेडवर प्रायव्हेट लिमिटेड होतं आणि नंबरात पी. नोंदणी जेमतेम काही महिन्यांची, पत्ता वाघोलीचा नव्हताच. कंपनी म्हणवणाऱ्याचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही तपासता येतं; स्थापना कधीची आणि भरणा भांडवल किती ते तिथे कळतं.

तो पी कुणाचा होता, हेही पुढे कळलं. कर्ज मिळवून देतो म्हणून आधार आणि पॅनच्या प्रती घेतल्या गेलेल्या एका मजुराचा. त्याच्या नावाने लाखोंची उलाढाल झाली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. आमच्यातले काही जण त्याच्यावर चिडले. मला राग येईना. आमचं पैशाचं नुकसान झालं. त्याच्या दारात आता पोलीस येतात, उद्या करखात्याची नोटीसही येईल. कर्जासाठी, नोकरीसाठी कुणीही कागद मागितले तर प्रतीवर कारण आणि तारीख लिहून आडवी सही करा, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कुणाला सांगू नका. हे आपल्या कामगारांनाही समजावून सांगा.

नुकसान मालाच्या किमतीवर थांबत नाही. बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या आपल्यासारख्याला पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावा लागतो, समोरच्याने पैसे दिलेले असोत की नसोत. पैसे बुडाले म्हणून तो कर परत मिळत नाही. खरेदीदाराने 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) व्याजासह परत करावं, असा नियम आहे. पण जो पळूनच गेला, तो काय परत करणार? प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या लहान उद्योजकावर हा सरळ अन्याय आहे, आणि तो बदलला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

चेक परत आला असेल तर दिवस मोजा. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली न्यायालयात तक्रार. 'देतो, देतो' असं गोड बोलून अनेक जण हीच मुदत उलटवतात. पेमेंट थांबवलं किंवा खातं बंद केलं तरी हे कलम लागतं. 2015 च्या दुरुस्तीनंतर खटला आपल्या बँकेची शाखा जिथे आहे तिथल्या न्यायालयात चालतो. समोरचा परगावचा असला तरी आपल्याला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. नोटीस स्पीड पोस्टने, माहीत असलेल्या प्रत्येक पत्त्यावर पाठवा आणि परत आलेला लिफाफा न फोडता जपून ठेवा.

पोलिसांकडे गेलं की बऱ्याचदा पहिलं उत्तर मिळतं, हा दिवाणी मामला आहे. एकट्याची थकबाकी तशी दिसूही शकते. आम्ही फसलेले सगळे एकत्र गेलो, प्रत्येकाची बिलं, ई-वे बिलं (माल वाहतुकीसाठी जीएसटीखाली काढावी लागतात ती), चलनं आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं एकाच फाइलीत लावलं. एकाच काळात, एकाच गोडाऊनवर, एकाच पद्धतीने, हे कागदावर दिसल्यावर बोलण्याचा सूर बदलला. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे दाखवता आलं, तरच भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 लागू होतं. ई-वे बिलावरचा गाडी नंबर आणि टेम्पोवाल्याचा जबाब इथे फार उपयोगी पडला.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आजच करून घ्या. ती मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटपासून दूर राहा. नोंदणी असली की 45 दिवसांपुढे रखडलेल्या बिलासाठी लहान उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर दाद मागता येते आणि रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. जागेवर असलेल्या, पण टाळाटाळ करणाऱ्या कंपनीला याचा धाक बसतो. पळून गेलेल्याला बसत नाही.

आता नवीन पार्टीला आम्ही उधारीची मर्यादा ठरवून देतो. मागची तीन बिलं वेळेत आली म्हणून ती तिपटीने वाढत नाही. बिलावरच्या पत्त्याखेरीज दुसरीकडे माल हवा असेल तर त्या जागेचा नोंदणीकृत भाडेकरार मागतो. दोन गिऱ्हाइकं यावरून रुसून गेली. बाकीच्यांनी कागद पाठवले.

तक्रार झाल्यावर आम्हा सगळ्यांना एका 'वसुली एजंट'चा फोन आला. तुमची पार्टी कुठे आहे ते मला माहीत आहे, आधी थोडी फी भरा, म्हणाला. आमच्या बिलाचा आकडाही त्याला ठाऊक होता. आम्ही कुणीही पैसे दिले नाहीत. तो नंबर तपास अधिकाऱ्यांना दिला आहे. तुम्हालाही असा फोन आला तर तेच करा.