टेम्पोवरची कलमं घेण्याआधी पट्टी सोडून बघा

मिरगाचे दोन पाऊस पडले की गावोगावी रोपांचा टेम्पो फिरतो. यंदा गावातल्या एका घरानं मागच्या आवारासाठी त्याच्याकडून केसर आंब्याची चार 'कलमं' घेतली, 350 रुपयाला एक. संत्र्याची सहा, आणि रस्त्यावरून न्हाणी दिसू नये म्हणून साठ 'विलायती मेंदी'. सहा हजार रुपये गेले. पावती नाही, फोन आठ दिवसांत बंद.

आंब्याच्या खोडाला वीतभर उंचीवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली होती. ती सोडली तर आत चाकूचा एक चिरा, आणि बुडापासून शेंड्यापर्यंत एकच साल. म्हणजे कोयीचं रोप! खऱ्या कलमाचा सांधा तिरपा, गाठीसारखा फुगीर असतो. खालची नि वरची साल वेगळी दिसते. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येतं. कोयीचं झाड आठ-दहा वर्षं घेतं, आणि फळ केसरच निघेल याचा नेम नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी पट्टी सोडायला लावा. "सोडली तर कलम मरते" असं विकणारा म्हणाला तर रोप घेऊच नका. सांधा जुळला की रोप जमिनीत लावताना पट्टी सोडावीच लागते, नाहीतर खोडाला काच पडतो.

संत्र्याचा डोळा (फुटव्याची कळी) जंबेरीच्या, म्हणजे एका जाड सालीच्या लिंबाच्या, खुंटावर भरतात; खुंट म्हणजे खालचं मुळाचं रोप. सहापैकी चार रोपांत डोळा मेलेला, वाढलेला फुटवा खुंटाचाच. पान चुरगळलं की लिंबाचा वास येतो. असं रोप जोमानं वाढतं, तिथंच माणूस फसतो. चांगलं रोप असलं तरी सांधा मातीत पुरू नका, खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग लागतो.

रोप खोडाला धरून हलकेच उचलून बघा. खोड पिशवीत डुगडुगलं तर ते जमिनीतून उपटून कालच भरलेलं आहे, सोटमूळ तुटलेलं. पावसाळाभर हिरवं राहतं, ऑक्टोबरच्या उन्हात वाळतं.

'विलायती मेंदी' म्हणून दिलेली रोपं निघाली कोनोकार्पस या परदेशी झाडाची. आडोसा लवकर होतो, हे खरं. पण मुळं ओलीच्या मागं धावतात, न्हाणीच्या पाइपात शिरतात, शेजारच्या भाजीच्या वाफ्याचं पाणी ओढतात. गुजरात सरकारनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आडोशाला आपली साधी मेंदीच बरी: पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या, दोन ओळींत, फूटभर अंतरानं, एका ओळीच्या फटीसमोर दुसरीची काडी. पहिल्या वर्षी दोनदा गुडघ्याइतकी छाटायची. जीव होत नाही, पण न छाटलेली मेंदी बुडाशी विरळ राहते. ती भरेपर्यंत तुराट्यांचा ताटवा बांधा, त्यावर वाल नि दोडके चढवा. कोपऱ्यात एक मुनगा (शेवगा).

फळरोपांच्या नर्सरीला महाराष्ट्राच्या 1969 च्या कायद्यानं परवाना लागतो. तो दाखवायला सांगा, जातीचं नाव लिहिलेली पावती घ्या. फसलाच असाल तर टेम्पोचा नंबर आणि सोडलेल्या पट्टीचे फोटो घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.

आंब्याची ती रोपं मात्र उपटून टाकू नका. मूळ धरलं असेल तर पुढच्या पावसाळ्यात तांबूस पालवी फुटल्यावर जाणत्या माळ्याकडून त्यावरच केसरची काडी बांधून घ्या. खुंट तयारच आहे.