वांद्र्याचा ख्रिस्ती हेरिटेज वॉक: बघा जरूर, पण ऐकताना जरा सावध

ऑफिसच्या ग्रुपने बुक केलेला म्हणून गेलो, नायतर रविवारी सकाळी साडेसातला परळहून वांद्र्याला कोण तडफडतंय. आयोजकांचं नाव लिहित नाही, कारण तक्रारी आहेत. माणशी आठशे रुपये, गाईड म्हणून एक कॉलेजची मुलगी, बोलायला गोड पण कोणीतरी पाठ करून पाठवलेली.

सुरुवात सेंट अँड्र्यू चर्चला. जेझुइट (कॅथलिक पंथातला एक संघ) पाद्र्यांनी सोळाव्या शतकात बांधलेलं, तेव्हा त्यांनी इथल्या कोळ्यांना हजारोंनी बाप्तिस्मा दिला होता. अंगणात एकाच दगडातून कोरलेला उंच क्रूस आहे, त्याच्यावर येशूच्या दुःखसहनाची चिन्हं खालपासून वरपर्यंत, बघतच राहिलो.

पण इतिहास सांगायला लागली आणि गाडी घसरली. इ.स. 52 ला येशूचे शिष्य संत थॉमस केरळात आले, मग डायरेक्ट पोर्तुगीज आले आणि लोकांनी प्रेमाने धर्म स्वीकारला, झालं. अगं बाई, थॉमसची गोष्ट ही तिकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी परंपरा आहे, तेवढा जुना लेखी पुरावा नाही, एवढं तरी सांग ना. आणि मधली हजार-पंधराशे वर्षं कुठे गेली? सहाव्या शतकात आपल्या कल्याणला ख्रिस्ती लोक होते, इराणहून नेमलेला बिशपसुद्धा होता, हे एका ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवलंय. ठाण्यात 1321 साली फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार मिशनरी मारले गेले, म्हणजे वास्को द गामाच्या 177 वर्षं आधी. सगळं लोकलच्या अंतरावर, पण एक अक्षर नाही.

मग ग्रुपमधले एक काका तापले. "प्रेमाने कसलं, सगळं तलवारीने झालं!" अर्धा तास तिथेच गेला. मला विचाराल तर दोघांचंही अर्धं बरोबर. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मधे वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली, त्यानंतर इकडे देवळं पडली, बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात चर्च झालं, हे काय प्रेमाने होत नाही. पण 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, त्यानंतर कोण डोक्यावर तलवार घेऊन उभं होतं? तरी बरीचशी मंडळी ख्रिस्तीच राहिली. आणि जात कुठे सुटली, ख्रिस्ती कोळी वेगळे, कुणबी वेगळे, लग्नं आपापल्यात व्हायची. काकांना म्हटलं एवढी चार-पाचशे वर्षं झाली, 2011 च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती 2.3 टक्के आहेत, जरा पाणी प्या.

इंग्रजांचा काळ तर तिने गिळलाच. कंपनी सरकारला धंद्यात लफडं नको होतं म्हणून मिशनऱ्यांना लांबच ठेवायचे, 1813 ला कायदा बदलला आणि त्याच साली अमेरिकन मिशनवाले मुंबईत उतरले. शाळा काढल्या, मराठीत छापायला लागले. नारायण वामन टिळकांसारखा कवी 1895 मधे मुंबईतच बाप्तिस्मा घेतो, अभंगाच्या चालीवर येशूची भजनं लिहितो, तिथे तर कोणी पोर्तुगीज नव्हता. वांद्र्याच्या वॉकमधे हे येत नाही कबूल, पण "धर्म कसा पसरला" असं पोस्टरवर छापलंय ना, मग दोन वाक्यं तरी.

आता चांगलं सांगतो. रनवार, वांद्र्यातलं जुनं गावठाण. लाकडी जिने, कौलं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस. 1896 ला प्लेग आला तेव्हा गल्लीतल्या लोकांनी असे बरेच उभे केले, आपला पाडा वाचू दे म्हणून. एका क्रुसाजवळ एक आजी मगाने पाणी ओतून पायथा धूत होती, मग झेंडूचा हार घातला, मेणबत्ती लावली, आम्ही मोबाईल काढले तर म्हणते, "फोटो काढा रे, पण वारा अडवून उभे रहा." मराठी अगदी आपली, थोडी कोळी वळणाची. आणि आमचा अख्खा वॉक इंग्लिशमधे! ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या गल्लीत मराठी बोलायला लाज कसली वाटते कळत नाही.

शेवटी मोतमाउली, म्हणजे टेकडीवरचं माउंट मेरी चर्च. आत्ताचं चर्च 1904 चं. बाहेर स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं, ज्याला जे हवं ते माउलीला वाहायचं. रांगेत हिंदू बायका कितीतरी, माझी आजीपण परळहून यायची नवसाला. हे सगळ्यात जिवंत ठिकाण आणि इथे दहा मिनिटं दिली, कारण काकांनी वेळ खाल्लेला.

नाष्ट्याला फुग्या (तळलेले गोल फुगीर पाव) आणि ईस्ट इंडियन लोकांच्या बॉटल मसाल्याचं चिकन, फुग्या थंड पण चिकन एक नंबर. पाचपैकी तीन स्टार. जायचं असेल तर मराठी गाईड आहे का आधी विचारा, आणि 8 सप्टेंबरनंतरचा मोतमाउलीच्या जत्रेचा आठवडा टाळा, त्या चढावर मुंगीला पण जागा नसते.