घासलेल्या नाण्याला पुन्हा रंग: अंडं, गंधकाचं पाणी की कागदी पाकीट?

आधीच्या मालकाने टूथपेस्टने घासून पांढरंफटक केलेलं चांदीचं नाणं हाती आलं की त्याच्यावर पुन्हा टोनिंग, म्हणजे काळानुसार धातूवर चढणारी रंगछटा, आणायचा मोह होतोच. घरी करण्यासारख्या तीन वाटा आहेत आणि तिन्हींत काम गंधकच करतं. चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. तो इतका पातळ असतो की त्याच्या वरून आणि तळातून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतात, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे. थर वाढेल तसा आधी पिवळसर सोनेरी, मग तांबूस जांभळा, मग निळा. फारच वाढला तर काळा. तिन्ही वाटांत फरक आहे तो वेगाचा.

सगळ्यात लोकप्रिय अर्थातच अंडं. उकडलेलं अंडं सोलून, कुस्करून बरणीत टाकायचं, नाणं त्याला न टेकता वेगळ्या छोट्या झाकणात ठेवायचं आणि बरणी बंद करायची. काही तासांत सोनेरी झाक येते, रात्रभर ठेवलं तर निळ्या-जांभळ्यापर्यंत मजल जाते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अंडं गरमच होतं. बरणीत वाफ धरली, थेंब नाण्यावर पडले आणि सकाळी एकेका थेंबाच्या जागी गोल डाग. तेव्हा अंडं पूर्ण निवू द्या आणि दर तासाला डोकावत राहा. तरीही हा रंग मला भडकच वाटतो.

गंधकाचं पाणी म्हणजे लिव्हर ऑफ सल्फरचं द्रावण, दागिने ऑक्सिडाइज करायला वापरतात ते. चांदीच्या नाण्याला मी ते लावणार नाही. कोमट पाण्यात चिमूटभर घातलं तरी काही सेकंदांत नाणं काळवंडतं, मधले रंग पकडायला वेळच मिळत नाही. घासून गुलाबी-केशरी झालेल्या तांब्यासाठी मात्र हेच बरं: खूप पातळ द्रावण, क्षणभर बुडवणं, लगेच धुणं, आणि तपकिरी छटा येईपर्यंत पुन्हा तेच. खिडक्या उघड्या ठेवा. त्यात आम्ल पडलं तर विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून व्हिनेगर वगैरे जवळपासही नको.

कागदी पाकीट म्हणजे जुन्या पद्धतीचं, गंधकाचा अंश असलेलं जाड तपकिरी पाकीट. नाणं त्यात घालून कपाटात ठेवायचं आणि विसरायचं. महिने लागतात, कधी वर्षं. पण रंग सावकाश चढतो, एका छटेतून दुसरीत हळूच सरकतो, आणि डोळ्याला खरा वाटतो तो हाच. घाई नसेल तर माझं मत यालाच. पाकिटाऐवजी मऊ पीव्हीसी फ्लिप, म्हणजे नाणी ठेवायची लवचिक प्लॅस्टिकची पाकिटं, मात्र वापरू नका, त्यातून हिरवट चिकट थर सुटतो आणि तो धातू खातो.

कुठलीही वाट धरा, आधी नाणं शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून काढा, ज्योतीपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल-सुगंध मिसळलेले असतात. बोटाचा ठसा राहिला तर तोच रंगीत होऊन कायमचा बसतो.

आता खरी मेख. टोनिंगने ओरखडे बुजत नाहीत, थर त्यांच्यावरूनच चढतो. भिंगाखाली नाणं दिव्यासमोर तिरपं फिरवा, निळ्या रंगातून बारीक समांतर रेघा लख्ख दिसतील. म्हणून घासलेल्या नाण्यापेक्षा एकदाच डिप केलेल्या (म्हणजे रासायनिक द्रावणात क्षणभर बुडवून साफ केलेल्या), लस्टर म्हणजे मूळची झळाळी शाबूत असलेल्या नाण्यावर रंग कितीतरी छान खुलतो. वारंवार डिप होऊन निस्तेज झालेल्यावर तो मेलेलाच दिसतो.

नाणं विकायचं असेल तर काहीच करू नका. पीसीजीएस या नाणी तपासून त्यांची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या दोषांच्या यादीत साफ केलेल्या नाण्याला 92 हा कोड आहे आणि संशयास्पद रंगाला 91. म्हणजे एक खोट झाकायला जाऊन दुसरी पदरात पडायची. ‘नाही आवडलं तर पुन्हा डिप करून काढू’ हा हिशेबही फसवा आहे. सल्फाइडचा थर नाण्याच्याच चांदीतून बनलेला असतो, त्यामुळे तो निघताना तेवढी चांदी घेऊन जातो.