कुणकेश्वरची छायाचित्रण कार्यशाळा

देवगड तालुक्यात कुणकेश्वराच्या किनाऱ्यावर झालेल्या या निवासी कार्यशाळेत कॅमेऱ्याच्या बटणांपेक्षा पाहण्यावर अधिक भर होता, आणि तेच तिचे खरे मोल. पहाटे ट्रायपॉड रोवून १० स्टॉपचा (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा करणारा) एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची गडद काच, लावला की प्रकाश सुमारे हजारपटीने घटतो; १/३० सेकंदात टिपले जाणारे छायाचित्र अर्ध्या मिनिटावर जाते, लाटांचे धुके होते, खडक तेवढे ठाम राहतात, आणि तोवर देवळातली घंटा ऐकत नुसते उभे राहावे लागते. शिक्षकांनी या थांबण्यालाच साधना मानले आहे; मी फारसा भाविक नसूनही ते पटले. लेन्सवरचे खारे तुषार पुसण्याची रीतही नीट दाखवली. सायंकाळची चर्चा मात्र उगाच लांबली, आणि शुल्काच्या मानाने जेवण बेताचेच होते. सोलकढी तेवढी फर्मास.