टर्बो गाडीला पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा फिक्स रेग्युलेटर की बूस्ट रेफरन्सवाला?

ठाण्यात टर्बो मॉडिफाय करणाऱ्यांनी गायमुखच्या चढाला पाय दाबायच्या आधी हे बघाच. पोर्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल हवेच्या वाटेत फवारलं जातं) फिक्सवाला रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, ३ बार धरून ठेवतो, पण इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये टर्बोचं १ बार जादा प्रेशर (बूस्ट) आलं की इंजेक्टरला प्रेशरचा फरक उरतो २ बारचाच, म्हणजे इंजेक्टर तेवढाच वेळ उघडला तरी पेट्रोल साधारण १८ टक्के कमी, मग मिक्स्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), नॉकिंग (मिक्स्चर अवेळी पेटून ठोके) आणि शेवटी पिस्टन खराब. बूस्ट रेफरन्सवाला मॅनिफोल्डच्या नळीवरून बूस्ट ओळखून रेल ४ बार करतो, फरक ३ चा ३. जादा पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न लाइनचा खर्च आहे, आणि प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो घटतो, पंप तगडा हवा. कमी बूस्टला ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) ट्यूनमध्ये भरपाई केली तर फिक्स चालतं, मोठ्या टर्बोला माझं मत बूस्ट रेफरन्सवाल्यालाच. फक्त त्या नळीला क्लिप लावा, बूस्टमध्ये निसटली तर रेल परत ३ वर येतं.