ड्रॅक्युला वाचला का? : ई-रीडरचा आठ महिन्यांचा अनुभव

जुलैत घेतला, आता मार्च चालू आहे. सहा इंची, ई-शाईच्या पडद्याचा, आतून दिवा असलेला, सोळा जीबीचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाही.

घेतला मी, पण निम्मा वापर मंगळवार पेठेतल्या मावशीचा. मी रक्तपिपासूंच्या कादंबऱ्यांची वेडी, ती ऐतिहासिक प्रेमकथांची. वीस वर्षं आमची देवाणघेवाण कापडी पिशवीतून चालली. 'हे वाच, नाही आवडलं तर बोल' म्हणायचं आणि पिशवी टेकवायची. ई-रीडर आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की मी विकत घेतलेलं पुस्तक तिला काढून देताच येत नाही. ते माझ्या खात्याला चिकटलेलं. मग आम्ही अख्खं यंत्रच फिरवायला लागलो. एका रविवारी मी राजारामपुरीतून तिच्याकडे जेवायला जाते आणि यंत्र ठेवून येते, पुढच्या रविवारी घेऊन येते. खरेदीआधी या अडचणीबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून सगळ्यात आधी लिहिली.

आता पडदा. कोल्हापूरचा जुलै म्हणजे पाऊस आणि गेलेली वीज. आतल्या दिव्यावर अंधारात वाचता येतं आणि मोबाइलसारखे डोळे चुरचुरत नाहीत. ई-शाईला वीज लागते ती पान बदलताना. एकदा अक्षरं उमटली की ती तशीच राहतात. बॅटरी खातात तो दिवा आणि वाय-फाय. खोक्यावर सहा आठवडे लिहिलंय, पण ते रोज अर्धा तास वाचणाऱ्या माणसासाठी. दिवा लावून रोज दोन-अडीच तास वाचल्यावर आमच्याकडे सतरा-अठरा दिवस जातात. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पाण्याची आहे. बोट ओलं असलं की पडदा ऐकत नाही, आणि पाण्याचा थेंब पडला की स्वतःच पानं उलटतो. 'ड्रॅक्युला'तला रक्तपिपासू सरदार किल्ल्याच्या भिंतीवरून पालीसारखा डोकं खाली करून उतरतोय, त्याच्याकडे उतरलेला हार्कर खिडकीतून बघतोय, आणि माझ्या केसांतून एक थेंब टपकला. सहा पानं पुढे. परत शोधेपर्यंत भीती गेली.

तर 'ड्रॅक्युला'. सगळी कादंबरी डायऱ्या आणि पत्रांची, १८९७ ची. मी ती मावशीला गळ्यात मारली कारण पहिल्याच प्रकरणात हार्कर तांबड्या मिरचीतली कोंबडी खातो, त्याला सणसणून तहान लागते आणि तरी तो होणाऱ्या बायकोसाठी पाककृती मागायची टिपून ठेवतो. मावशी म्हणाली, "तांबडा रस्सा दिला असता तर वाड्यापर्यंत पोचलाच नसता गडी." चार दिवसांनी माझं वाचन कुठवर आलं ते विचारायला तिचा फोन, "काय गं, ड्रॅक्युला वाचला का?" मी सवयीनं कोटी केली, "नाही, मरतो की शेवटी." तिला अजून अर्धं पुस्तक जायचं होतं. दोन दिवस बोलली नाही.

मराठीचं सांगते. युनिकोडमधलं नीट ई-पुस्तक असेल तर जोडाक्षरं व्यवस्थित दिसतात, अक्षर मोठंही करता येतं. पीडीएफ मात्र विसरा. सहा इंचांवर ती मुंगीएवढी होते, मोठी केली की ओळ बाहेर पळते. म्हणून धारपांची 'लुचाई' आणि मावशीची 'स्वामी' अजून कागदावरच आहेत. 'स्वामी' तर ती यंत्रावर वाचणारही नाही. रणजित देसाई कोवाडचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यातले, आणि माधवराव-रमाबाईंवर रडायचं तर पान ओलं व्हायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. पडद्याला पाणी चालत नाही हे मी वर लिहिलंच आहे.

खरा हिशेब पैशाचा आहे, आणि तो मला फार उशिरा उमगला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. ब्रॅम स्टोकर १९१२ मध्ये गेला, 'कार्मिला'वाला ल फानू १८७३ मध्ये. दोघेही प्रोजेक्ट गुटेनबर्गवर, म्हणजे हक्क संपलेल्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर, फुकट. मावशीची लाडकी, इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणारी जॉर्जेट हेयर गेली १९७४ ला, म्हणजे २०३४ संपेपर्यंत पैसे मोजायचे. थोडक्यात माझी भुतं फुकट आणि तिचे उमराव विकत. "मग जेन ऑस्टिन वाच की, ती फुकट आहे," असं मी म्हटलं तर मावशीनं शिकवणीच घेतली. ऑस्टिन स्वतःच्या काळाबद्दल लिहीत होती, ती ऐतिहासिक कशी? आजारी राजाच्या जागी युवराज कारभार बघायचा तो १८११ ते १८२० चा काळ, शंभरावर वर्षांनी मागे वळून रंगवला तो हेयरनं. सदतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई, तिच्याशी कोण वाद घालणार.

हेयरसाठी यंत्रातल्या शब्दकोशाला मात्र पैकीच्या पैकी. शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ. फेटन, बरूश, कुरिकल. कुरिकल म्हणजे दोन चाकं, दोन घोडे. मावशी म्हणते, "टांग्याच्या एवढ्या जाती असतात हे मला या वयात कळलं."

बदल्यात मी तिला 'कार्मिला' दिली. 'ड्रॅक्युला'पेक्षा पंचवीस वर्षं आधीची, छोटी. एकाकी घरात एक मुलगी, तिथं पाहुणी म्हणून आलेली दुसरी, आणि त्या दोघींमधली ओढ. दोन रात्रींत संपवून मावशी म्हणाली, "ही भुताची गोष्ट म्हणून दिलीस होय? ही प्रेमकथा आहे, माझ्या खात्यात टाक." यंत्रात तसे कप्पे करता येतात. मी टाकली. नंतर स्वतः पुन्हा वाचली, तर ती म्हणते ते निम्मं तरी खरं.

घ्यावा का? एकट्यानं वाचणाऱ्यानं बिनधास्त घ्यावा. पुस्तकं वाटून वाचायची सवय असेल तर सरळ दोन घ्या, किंवा आमच्यासारखी रविवारची फेरी ठरवून टाका. आणि प्लास्टिकचं कव्हर नको, घामानं निसटतं. मावशीनं जुन्या इरकलीच्या काठाची पिशवी शिवलीय, ती उत्तम.

सध्या यंत्र तिच्याकडे आहे. हेयरची वॉटर्लूवरची कादंबरी चालू आहे. परवा रात्री दहाला फोन, "अगं, हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ ला असईत आपल्या फौजेला हरवणारा तोच वेलस्ली! आणि इथं सगळ्या बायका त्याच्याकडे बघून पाघळतात." मी म्हटलं, मग सोडून दे. "सोडतो कशाला? बघतो ना मी पुढं काय करतोय तो." (पेठेतली बाई, 'सोडतो-बघतो'च म्हणणार.) काल परत फोन. डचेसच्या घरचा नाच संपलाय, लढाई तोंडावर आलीय, बॅटरी सहा टक्के आणि चार्जरची वायर माझ्याकडे राहिलीय. संध्याकाळी ऑफिसातून सुटले की आधी तिकडे.