अ‍ॅक्सेसमधील कंडिशनल फॉर्मॅटिंग: रंग नोंदीगणिक, पण रकान्यापुरता

आमच्या वाचनालयातील देवघेवीच्या नोंदी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये ठेवल्या जातात, आणि मुदत उलटलेली पुस्तके फॉर्मवर लाल रंगात दिसावीत एवढीच माझी अपेक्षा होती. प्रथम मी व्हीबीएचा, म्हणजे त्यात कोड लिहिण्याच्या भाषेचा, आधार घेतला. ‘ऑन करंट’ इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म एखाद्या नोंदीवर येताच चालणाऱ्या कोडमध्ये, टेक्स्ट बॉक्सचा (मूल्य दाखवणाऱ्या चौकटीचा) रंग बदलताच पडद्यावरील सगळ्याच ओळी लाल झाल्या, कारण कंटिन्युअस फॉर्मवर, म्हणजे अनेक नोंदी एकाखाली एक दाखवणाऱ्या फॉर्मवर, ओळी कितीही दिसल्या तरी टेक्स्ट बॉक्स मुळात एकच असतो. कंडिशनल फॉर्मॅटिंग, म्हणजे अटीनुसार रंगरूप बदलण्याची सोय, मात्र प्रत्येक नोंदीसाठी अट स्वतंत्रपणे तपासते, आणि या एका कामासाठी त्याला अ‍ॅक्सेसमध्ये तोड नाही.

ही सोय अ‍ॅक्सेस 2000 पासून आहे. 2007 पर्यंतच्या आवृत्त्यांत एका कंट्रोलला (फॉर्मवरील टेक्स्ट बॉक्ससारख्या घटकाला) तीनच अटी लावता येत; 2010 मध्ये ही मर्यादा 50 झाली आणि डेटा बारही (मूल्याच्या प्रमाणात लांबी दाखवणाऱ्या पट्ट्या) आले. देवघेवीच्या खिडकीवर बसणाऱ्याला तीनहून अधिक रंग लक्षात ठेवावे लागू नयेत असे माझे मत असल्यामुळे या वाढीचे मला फारसे अप्रूप नाही.

अट फील्डच्या मूल्यावर, कर्सर त्या रकान्यात असण्यावर किंवा एक्स्प्रेशनवर (स्वतः लिहिलेल्या सूत्रावर) बेतता येते. खरे बळ एक्स्प्रेशनमध्ये आहे, कारण तेथे एका रकान्याचा रंग दुसऱ्या रकान्यावरून ठरवता येतो. परंतु माझी फसगतही तेथेच झाली. ‘परत आल्याची तारीख देय तारखेनंतरची असेल तर लाल’ असा नियम मी लिहिला, तेव्हा उशिरा परत आलेली पुस्तके रंगली आणि अजून परतच न आलेली, म्हणजे ज्यांची खरी चिंता होती तीच, कोरी राहिली. रिकाम्या रकान्याशी, म्हणजे ‘नल’शी, केलेली तुलना खरी ठरत नाही. ‘इझनल’ने रिकामा रकाना ओळखून देय तारीख आजच्या तारखेशी ताडणारा दुसरा नियम जोडला, तेव्हा यादी बरोबर दिसू लागली.

संपूर्ण ओळ रंगवण्याची थेट सोय नाही, ही मोठी उणीव होय. हे फॉर्मॅटिंग टेक्स्ट बॉक्स आणि कॉम्बो बॉक्स (यादीतून निवडण्याची चौकट) यांनाच लागू होते. चेक बॉक्स आणि लेबल वगळले जातात. त्यावर रुळलेला उपाय असा, की ओळीएवढा रुंद टेक्स्ट बॉक्स सर्वांच्या मागे ठेवून अट त्याला लावावी आणि पुढच्या कंट्रोलची पार्श्वभूमी पारदर्शक करावी. मागच्या बॉक्सचे ‘एनेबल्ड’ बंद आणि ‘लॉक्ड’ चालू करण्यास विसरू नये, अन्यथा त्यावर क्लिक होताच तो पुढे येऊन मजकूर झाकतो. अटीत ‘डीलुकअप’सारखी, दुसऱ्या टेबलातून मूल्य शोधून आणणारी, फंक्शने घातल्यास फॉर्म सरकवताना रंग रेंगाळत उमटतात, तशी तुलना फॉर्मला नोंदी पुरवणाऱ्या क्वेरीतच करून घेणे बरे.